कधी वापरलंच नाही, साहेब

सेकंड हँड फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, बघायला लागल्यापासून एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच ते मला ऐकू येतं. "साहेब, फोर बाय फोर कधी वापरलंच नाही!" आणि हे सांगताना चेहऱ्यावर असा अभिमान की जणू मुलगी दाखवायला बसलेत. मला पडलेला प्रश्न साधा आहे, वापरायचंच नव्हतं तर घेतलं कशाला राव? पण विचारत नाही, कारण लगेच दुसरा प्रश्न येतो की मी तरी कशाला घेतोय.

म्हणजे बघा, आम्ही राहतो गंगापूर रोडला. ऑफिस अंबडला. रोजचा रस्ता डांबरी, थोडा काँक्रीट, आणि सध्या सिंहस्थाची कामं चालू असल्यामुळे मधेमधे खोदलेला. आता कोणी म्हणेल की २०२७ पर्यंत नाशिकमध्ये फिरायलाच फोर बाय फोर लागेल, आणि हा विनोद मी बायकोसमोर करून पाहिला, चालला नाही. ती म्हणाली, "अरे, पार्किंगमध्ये आपली छोटी गाडी लावताना तू तीनदा मागेपुढे करतोस, ती धूड कुठे उभी करणार?" यावर उत्तर नाहीये माझ्याकडे.

तरी डोक्यातून जात नाही. पावसाळ्यात इगतपुरी-घोटीकडे निघालं, भावली धरणाच्या बाजूला, नाहीतर हर्सूल, पेठ, सुरगाणा, की मुख्य रस्ता सोडून आत वळणारा एखादा लाल मातीचा रस्ता दिसतोच. आणि आपण आपल्या हॅचबॅकमधून त्याच्याकडे बघत सरळ पुढे जातो. त्या न वळलेल्या रस्त्यांचं सगळं कर्ज या गाडीच्या नावावर जमा झालंय.

आणि नाशिककराला हा आजार जरा जास्तच होतो. महिंद्राची थार इथेच बनते ना. प्रत्येकाचा कोणी ना कोणी काका, मेहुणा, शेजारी सातपूरला कंपनीत असतोच आणि तो लग्नात भेटला की गाडीवर बोलतो. २०१० मध्ये पहिली थार आली, मग २०२० च्या २ ऑक्टोबरला नवीन आली, आणि मग जानेवारी २०२३ मध्ये त्या नवीन थारचीच टू व्हील ड्राइव्हवाली आवृत्ती आली, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी. ती आली तेव्हा जुने जीपवाले जाम चिडले होते, ही कसली थार म्हणून. मला मात्र तो फार प्रामाणिक निर्णय वाटला. लोकांना दणकट रूप हवंय, पुढच्या चाकांना ताकद नेणारी यंत्रणा नकोय, मग तिचे पैसे तरी कशाला घ्या. पण यामुळे सेकंड हँड घेणाऱ्याचं काम वाढलं, कारण फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. आत डोकावून गिअरच्या शेजारी दुसरा छोटा लिव्हर आहे का ते बघावं लागतं. एकाने मला फोनवर छातीठोकपणे फोर बाय फोर सांगितली आणि जाऊन बघतो तर लिव्हरच नाही. म्हणे, "तेवढं काय, ताकद तीच आहे."

या दुसऱ्या लिव्हरबद्दल थोडं सांगतो, कारण घेणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना तो दाखवायला असतो असं वाटतं. आपल्याकडच्या या बहुतेक गाड्या पार्ट टाइम फोर बाय फोर. एरवी मागचीच चाकं ढकलतात. लिव्हर फोर एचला, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या फोर बाय फोरला, टाकला की ट्रान्सफर केस नावाच्या गिअरपेटीतून पुढच्या एक्सललाही ताकद जाते, पण पुढचा आणि मागचा शाफ्ट तेव्हा एकमेकांना जखडले जातात, मधे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात नाहीतर वाळूत चाक जरा घसरून तो फरक पचवतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा ताण गिअर आणि जॉइंटवर येतो. म्हणजे हायवेला "ग्रिप चांगली येते" म्हणून जो फोर एचमध्ये गाडी पळवतो त्याच्याकडून गाडी घेऊ नये. आणि फोर एल म्हणजे गाडी थांबवून टाकायचा, कासवाच्या वेगाने पण प्रचंड जोराने चढायचा गिअर. अजून एक गंमत, फोर बाय फोर म्हटलं तरी डिफरेन्शियल लॉक नसेल तर पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत गेलं की तीच दोन गरागरा फिरत बसतात आणि जमिनीवरची दोन शांत. आणि ब्रेक? ते प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात, त्यात काही जास्तीचं मिळत नाही. हे उतारावर विसरणारे लोक असतात.

आता मूळ मुद्दा. न वापरलेला फोर बाय फोर म्हणजे नवाकोरा फोर बाय फोर नव्हे. पाथर्डी फाट्याजवळ एक थार बघायला गेलो होतो, जुन्या पिढीतली, काळी, अशी चमकत होती की त्यात भांग पाडावा. मोठे टायर, टपावर एलईडीची पट्टी, पुढे जाडजूड बंपर. मालक बोलायला गोड. मी म्हटलं जरा फोर एलला टाकून दाखवा. त्यांनी क्लच दाबला, लिव्हर ओढला, लिव्हर हलेना. पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी. मान लाल झाली पण लिव्हर जागचा हलेना. मग घाम पुसत हसून म्हणाले, "जरा जाम झालाय, वापर नाही ना." आणि त्याच दमात, "तुम्हाला तरी कुठे लागणारे?"

हे शेवटचं मला लागलं. कारण माणूस बरोबर बोलत होता. त्यांना ती विकणाऱ्यानेही तसंच सांगितलं असणार, आणि आणखी चार-पाच वर्षांनी मीही कोणाला तरी हेच सांगणार, साहेब कधी वापरलंच नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्येच होती. एक लिव्हर पिढ्यान्‌पिढ्या कोणी न ओढता पुढे सरकत चाललाय आणि प्रत्येक जण त्याचे वेगळे दीड-दोन लाख मोजतोय.

द्वारका चौकाच्या पुढे माझे एक ओळखीचे मिस्त्री आहेत, महिंद्राच्या जुन्या कमांडर-मार्शल गाड्यांवर हात बसलेला माणूस. त्यांचं म्हणणं वेगळंच. "खालून ओरखडे असलेली घ्या. वरून ओरखडे असलेली नको." म्हणजे चेसीसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, एक्सलच्या मधल्या गोळ्याला दगड घासल्याच्या खुणा असल्या तर गाडी कुठेतरी गेलीये, लिव्हर हललाय, ऑइल फिरलंय. फक्त चेसीस वाकलेली, वेल्डिंग मारलेली किंवा गंजलेली नको. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, कारण मापात फरक असला की फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस मार खाते. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघायचे, सीलमधून ऑइल पाझरतंय का बघायचं. आणि त्यांनी एक जुनी आठवण सांगितली, बऱ्याच जुन्या जीपना चिखल आला की आधी खाली उतरून पुढच्या चाकांच्या हबवरची चकती हाताने फिरवून लॉक करावी लागायची, मग लिव्हर. "म्हणजे आधी पाय चिखलात घालायचे आणि मग गाडी," ते म्हणाले.

कागदांचं थोडक्यात सांगतो कारण ते कंटाळवाणं आहे. जुनी थार २०११-१२ ची असेल तर पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यातच जमा, मग पुन्हा फिटनेस, पर्यावरण कर, आणि पुढे पाचच वर्षं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायला फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर. मॉडिफाय केलेली गाडी आरसीवर जशी लिहिलीये तशी नसेल तर पेठ रोडला आरटीओत आधीच्या मालकाची हौस आपल्याला निस्तरावी लागते. ती एलईडीची पट्टी तर मला फुकट दिली तरी नको.

सगळ्यात भारी बोलणं मात्र मामांचं. दिंडोरीला त्यांची द्राक्षबाग. मी उत्साहाने फोर बाय फोरचं सांगत होतो, ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "भाच्या, तो बघ उभाय माझा फोर बाय फोर." समोर मिनी ट्रॅक्टर, मागे फवारणीचा ब्लोअर लावलेला, चाकांना सुकलेली काळी माती. आणि खरंच की, आपल्या नाशिक जिल्ह्यात फोर व्हील ड्राइव्हची खरी गिऱ्हाईकं म्हणजे द्राक्षवाले. ओल्या बागेत दोन ओळींच्या मधून, छाटणीनंतर, पाऊस पडून गेल्या गेल्या फवारणी करायचीच असते, थांबून चालत नाही, डाऊनी हा द्राक्षावरचा रोग थांबत नाही. तिथे पुढची चाकं रोज ओढतात. त्यावर कोणी स्टिकर लावत नाही की डोंगरावर उभं राहून फोटो काढत नाही. मी म्हटलं, मामा तुमच्या बागेतल्या रस्त्यावर माझी गाडी आणून बघू का? म्हणाले, "आण की. फसली तर ट्रॅक्टर आहेच." वर हेही सांगितलं की या काळ्या मातीत शहरी टायर दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतात, मग चारही चाकं मिळून जागेवर खड्डा करतात. म्हणजे आधी टायरचा खर्च धर.

आणि पेठ-सुरगाण्याकडे वर्षानुवर्षं काळ्या-पिवळ्या जीप चालल्या, टू व्हील ड्राइव्हच बहुतेक, आत आणि मागे लटकून माणसं, आणि ड्रायव्हरला प्रत्येक दगड पाठ. त्यांच्यासमोर मी गरज हा शब्द वापरायला धजत नाही. मला गरज नाहीये, हौस आहे, एवढं आता बायकोलाही सांगून टाकलंय. आश्चर्य म्हणजे ती त्यानंतर जरा नरमली. म्हणाली, "हौस म्हणतोस तर हौसेचं बजेट सांग, गरजेच्या नावाखाली वाढवत नेऊ नकोस." मी आकडा सांगितला. तिने त्यातून टायर वजा केले.

सध्या एकच गाडी डोक्यात आहे. हर्सूलकडच्या एका शेतकऱ्याची, रंग उडालेला, डाव्या दरवाजाला पोचा, सीटवर टॉवेल. खालून भरपूर ओरखडे. फोनवर मी विचारलं फोर बाय फोर चालतं का, तर ते म्हणाले, "नाही चाललं तर घरी कसा येऊ हो पावसाळ्यात?" किंमत मात्र एका पैशानेही कमी करायला तयार नाहीत, क्लच नवीन टाकलाय म्हणतात. रविवारी मिस्त्रींना घेऊन जातोय. त्यांची दिवसाची मजुरी आणि वाटेत मिसळ, दोन्ही माझ्याकडे.