‘पाहतो’ म्हणजे होकार नव्हे : एआयचे साधन विकावे की नाही, याचा विचार

मी एका स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकारिणीची सचिव आहे आणि प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. दोन-अडीच तासांचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकायचे, ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिले हे टिपायचे, कोणते काम कोणाकडे आणि कोणत्या मुदतीत सोपवले याची यादी करायची, यात माझी एक सुट्टी पूर्ण खर्ची पडत असे. व्यवसायाने मी संगणक-प्रणाली लिहिते, त्यामुळे हे काम हलके करण्यासाठी मी तीन संध्याकाळी खर्चून एक छोटे साधन तयार केले. ते ध्वनिमुद्रण घेते, व्हिस्पर या मॉडेलकडून बोलण्याची लिखित संहिता करून घेते आणि मग एका भाषा-मॉडेलकडून (चॅटजीपीटीच्या मागे असते तशा एआय प्रणालीकडून) त्या संहितेतून ठराव, निर्णय आणि सोपवलेली कामे वेगळी काढते. ते पाहून दोन-तीन परिचित संस्थांनी आपल्यासाठीही ते मागितले, आणि त्यानंतर जो प्रश्न समोर आला तो मला साधन बनवण्यापेक्षा कितीतरी अवघड गेला: हे उत्पादन म्हणून उभे करावे का, त्याचे पैसे घ्यावेत का, आणि घ्यायचे असतील तर नेमके कशाचे?

पहिले उत्तर नकाराचे होते, आणि त्याला कारणही तसेच होते. जे मी तीन संध्याकाळी करू शकले, ते दुसरा कोणीही तीन संध्याकाळी करू शकेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर पीडीएफ फाइलला प्रश्न विचारू देणारी असंख्य छोटी संकेतस्थळे निघाली आणि त्यांतील काहींनी चांगली कमाईही केली. परंतु २०२३ च्या अखेरीस फाइल जोडण्याची सोय चॅटजीपीटीमध्येच आली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांकडे विकण्यासारखे वेगळे असे काही उरले नाही. ज्याच्या मॉडेलवर आपण घर बांधतो, तोच उद्या आपल्या अंगणात येऊन उभा राहू शकतो, ही या क्षेत्राची मूळ अडचण आहे. बैठकांचा गोषवारा देण्याची सोय तर झूमसारख्या दूरसंवादाच्या प्रणालींनीही २०२३ पासून स्वतःच देऊ केली आहे. म्हणजे ‘बैठकीचा गोषवारा’ हीच माझी वस्तू असेल, तर ती बाजारात नेण्याआधीच तिचे मोल संपलेले होते.

दुसरी अडचण हिशेबाची. पूर्वी मी ज्या प्रणाली लिहिल्या, त्यांची एक प्रत तयार झाली की पुढच्या शंभर वापरकर्त्यांचा खर्च जवळपास नगण्य असे. येथे तसे नाही. प्रत्येक वेळी कोणी साधन वापरले की मॉडेल चालते आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीमागचे जीपीटी-४ हे मॉडेल आले तेव्हा दहा लाख टोकन (मॉडेल मजकुराचे जे लहान तुकडे करून वाचते ते) वाचून घेण्याचा दर ३० डॉलर होता. जुलै २०२४ मध्ये आलेल्या जीपीटी-४ओ मिनी या लहान मॉडेलचा तोच दर ०.१५ डॉलर होता, म्हणजे दोनशेपटींनी कमी. देवनागरीत काम करणाऱ्यांना तर आणखी एक दिलासा मिळाला: मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ जाहीर करताना ओपनएआय या चॅटजीपीटीच्या कंपनीने दाखवलेल्या मराठी नमुन्याला पूर्वी ९६ टोकन लागत होते, ते नव्या पद्धतीत ३३ वर आले. तोपर्यंत आपली अक्षरे बारीक तुकडे करून वाचली जात आणि त्या प्रत्येक तुकड्याचे पैसे आपण देत होतो.

हे आकडे पाहून मी काही दिवस हरखून गेले होते. नंतर लक्षात आले, की दर उतरला तो फक्त माझ्यासाठी नव्हे, सर्वांसाठीच; ज्या दिवशी माझा खर्च कमी झाला, त्याच दिवशी माझ्याशिवाय काम भागवण्याचा इतरांचा खर्चही तेवढाच कमी झाला. शिवाय ठरावीक मासिक वर्गणी आणि अमर्याद वापर ही सोयीची वाटणारी रचना येथे उलटते, कारण ज्याला साधन सर्वाधिक उपयोगी पडते तोच सर्वाधिक खर्च करवतो. जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जाहीरपणे सांगितले होते, की महिना २०० डॉलरच्या वर्गणीवरही त्यांना तोटा होत आहे, कारण लोक अपेक्षेपेक्षा खूप जास्त वापर करत आहेत. एवढ्या मोठ्या कंपनीचा अंदाज चुकू शकतो, तर माझा हमखास चुकणार होता.

तरीही मी विषय सोडून दिला नाही, आणि याचे कारण एका चुकीत आहे. परिचितांपैकी एका संस्थेने माझे साधन त्यांच्या बैठकीसाठी वापरले. ज्येष्ठ सदस्यांपैकी एकांना वार्षिक अहवालाचे काम घेण्याची विनंती झाली आणि त्यांनी थोडे थांबून उत्तर दिले, ‘पाहतो.’ साधनाने इतिवृत्तात लिहिले: ‘वार्षिक अहवालाचे काम हे सदस्य पाहतील.’ वाक्य शुद्ध होते, मराठी निर्दोष होती, आणि अर्थ पूर्णपणे उलटा झाला होता. ज्यांच्या कानाला मराठी बैठकांची सवय आहे त्यांना हे सांगावे लागत नाही, की थांबून उच्चारलेले ‘पाहतो’ हा बहुधा नम्र नकार असतो, ‘बघू या’ म्हणजे विषय पुढे ढकलला, आणि ‘हरकत नाही’ यातला होकार किती मनापासूनचा आहे, हे बोलणाऱ्याच्या स्वरावर ठरते. लिखित संहितेत मात्र स्वर उरत नाही, तो विरामही उरत नाही. दीड महिना त्या संस्थेत सगळे गृहीत धरून होते, की अहवालाचे काम सुरू आहे. ते सदस्य गृहीत धरून होते, की आपण नाही म्हटले आहे. त्यांच्यात त्यावरून जो कटू प्रसंग घडला, तो मला नंतर एका तिसऱ्याच व्यक्तीकडून कळला.

मला सर्वाधिक लागली ती शेवटची गोष्ट. त्या संस्थेने माझ्याकडे तक्रार केलीच नाही. त्यांनी साधन वापरणे शांतपणे बंद केले. मी विचारले तेव्हा उत्तर आले, ‘तुम्ही फुकट दिले होते, तुम्हाला कशाला बोल लावायचा?’ त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या वाक्याने माझी झोप उडवली. मी विनामूल्य दिले म्हणून त्यांना जाब विचारण्याचा हक्क वाटला नाही, आणि त्यांनी जाब विचारला नाही म्हणून माझी चूक मला दीड महिना कळली नाही. तोपर्यंत पैसे घेणे म्हणजे चांगुलपणात काही उणे करणे, असे मी मनात धरून होते. त्या दिवसापासून मी उलट विचार करू लागले: पैसे घेतले तर समोरच्याला तक्रार करण्याचा अधिकार मिळतो, आणि मला ती ऐकण्याचे बंधन येते.

या प्रकारच्या साधनांची चूक वेगळ्या जातीची असते, हेही मला तेव्हा नीट समजले. साधी प्रणाली चुकते तेव्हा ती बहुधा थांबते किंवा काहीतरी विसंगत दाखवते. मॉडेल चुकते तेव्हा ते सुबक वाक्यात चुकते. व्हिस्परबद्दल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तपासलेल्या ध्वनिखंडांपैकी सुमारे १ टक्का खंडांत मुळात कोणी न बोललेली वाक्ये आढळली होती, आणि जेथे बोलण्यात लांब विराम होते तेथे हा दोष अधिक दिसत होता. बैठकीत विराम कधी येतात? जेव्हा अवघड प्रश्न विचारला जातो तेव्हा. म्हणजे साधन नेमके तेथेच डळमळते, जेथे इतिवृत्त सर्वांत अचूक असायला हवे.

चूक झाल्यावर ‘ते यंत्र बोलले, आम्ही नाही’ असे म्हणून सुटका होत नाही, आणि ती होऊ नये असेच मला वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडा या विमान कंपनीला तिच्या संवाद-यंत्राने (चॅटबॉटने) प्रवाशाला सवलतीविषयी दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल भरपाई द्यायला लावली. आपल्या संकेतस्थळावरील माहितीची जबाबदारी कंपनीचीच आहे, मग ती साध्या पानावर असो वा यंत्राच्या उत्तरात, अशी त्या निर्णयाची दिशा होती. ही जबाबदारी घेण्याची माझी तयारी आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि त्याच्या उत्तरातूनच मला विकण्याची वस्तू सापडली.

इतिवृत्त लिहिणाऱ्यांना एक जुनी पद्धत ठाऊक असते: पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय असतो ‘मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. इतिवृत्त लिहिले म्हणजे ते खरे झाले असे नाही; ज्यांच्याविषयी ते आहे त्यांनी ते मान्य करावे लागते. मी साधनाची फेररचना या पद्धतीवर केली. आता ते एकही निर्णय स्वतःहून निर्णय म्हणून लिहीत नाही. प्रत्येक नोंदीसमोर ध्वनिमुद्रणातला तो नेमका क्षण जोडलेला असतो, ‘पाहतो’, ‘बघू या’, ‘करता येईल’ अशा शब्दांपाशी ते थांबून विचारते, आणि ज्याच्या नावावर काम आहे त्याने ऐकून संमती दिल्याशिवाय नोंद कायम होत नाही. गोषवारा कोणीही देईल. मी जे विकते आहे ती पडताळणी आहे, आणि तिच्यात काही राहून गेले तर माझ्याकडे येता येईल ही खात्री आहे.

बाकीचे निर्णय यानंतर लवकर झाले. आकारणी महिन्याची न ठेवता प्रत्येक बैठकीची ठेवली, म्हणजे माझा खर्च आणि त्यांचा वापर एकत्र चालतात. व्हिस्पर एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे, खुले असल्यामुळे ते माझ्या स्वतःच्या यंत्रावर चालवते आणि मूळ आवाज बाहेर कोठेही जात नाही; पुढच्या टप्प्यासाठी केवळ संहिता बाहेरच्या मॉडेलकडे जाते, तीही सदस्यांची नावे बदलून, आणि हे बैठकीआधी सर्वांना सांगितले जाते. शिस्तभंगाच्या चौकशीसाठी आणि वैद्यकीय सल्लामसलतीसाठी मात्र मी साधन देत नाही. अशी विचारणा एकदा आली होती आणि रक्कमही चांगली होती, परंतु तेथे एका चुकीच्या वाक्याने जे नुकसान होईल त्याची भरपाई मी कोणत्याच मार्गाने करू शकले नसते.

मला उत्पन्न नको आहे असे मी म्हणणार नाही. हवे आहे, आणि या कामातून ते हळूहळू येऊ लागले आहे, जरी नोकरी सोडण्याइतके नाही. ‘सगळे करत आहेत, आपण मागे पडू’ या भीतीने मात्र मी यात उतरले नाही, याचे समाधान आहे. ती भीती माझ्याही मनात होती, आणि तिच्या भरात पहिल्याच महिन्यात मी वर्गणी लावून बसले असते तर नुसता गोषवाराच विकत राहिले असते.

ज्या संस्थेत ती चूक घडली होती, तिच्याकडे मी नवे साधन स्वतः घेऊन गेले आणि या वेळी दर सांगून गेले. त्यांनी पुन्हा एकदा वापरून पाहण्याचे मान्य केले. त्या बैठकीनंतर त्याच ज्येष्ठ सदस्यांना ग्रंथालयाच्या कामाविषयीची एक नोंद संमतीसाठी गेली. त्यांनी तिच्यासमोरचे बटण दाबून स्वतःचा आवाज ऐकला, पुन्हा एकदा ऐकला, आणि मला फोन केला. ‘बाई, मी येथे हो म्हणालो नाही,’ ते म्हणाले, ‘आणि हे तुमच्या यंत्राने विचारले, हे बरे झाले.’ इतिवृत्तात त्या विषयापुढे आता ‘निर्णय झाला नाही, पुढील बैठकीत घेणे’ असे लिहिलेले आहे.