डिलाइसच्या खोऱ्यात पाहुणे आले तेव्हा

लंडनला मी गेले होते बहिणीच्या मुलाकडे. नऊ वर्षं तो तिथे आहे, त्यातली पाच त्याच्या जोडीदाराबरोबर एकाच घरात. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. बहीण फोनवर त्याला 'जेवलास का' विचारते. 'दोघं जेवलात का' असं तिने एकदाही विचारलेलं नाही. मीही विचारलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मावशी, राजवाडा नंतर बघू. आधी तुला एक दुकान दाखवतो, आणि मग वेल्समधलं एक गाव. आजोबा असते तर त्यांना तिथेच नेलं असतं."

आजोबा म्हणजे माझे वडील. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. अडीच लाख कामगार घरी बसले होते, भोंगे बंद झाले होते. एका संध्याकाळी वडील गिरणीच्या फाटकावरून परत आले ते भिंतीला हात टेकत टेकत. आईने सदरा वर केला तर पाठीवर लाठीचे तीन जाड वळ. तिने हळद तेलात कोमट करून लावली आणि आम्हाला तोंड फिरवायला सांगितलं. मी फिरवलं नाही. त्या पाठीचा पिवळा रंग आणि चादरीवर उठलेला डाग मला आजही जसाच्या तसा दिसतो.

रसेल स्क्वेअर स्टेशनवरून चालत गेलं की मार्चमाँट स्ट्रीट लागतो. तिथे ६६ नंबरला 'गेज द वर्ड' हे समलिंगी लोकांचं पुस्तकांचं दुकान १९७९पासून आहे. दुकान लहानसंच. दर्शनी भिंतीवर गोल निळी पाटी आणि तिच्यावर समलिंगी चळवळीतल्या मार्क ॲश्टनचं नाव. भाचा त्या पाटीखाली क्षणभर थांबला, आपण देवळाच्या पायरीशी थांबतो तसा.

एप्रिल १९८४मध्ये या दुकानावर कस्टम्सची धाड पडली. परदेशातून मागवलेली शेकडो पुस्तकं उचलून नेली आणि चालवणाऱ्यांवर अश्लील माल आयात केल्याचा खटला भरला, तोही १८७६च्या कायद्याखाली. दोन वर्षांनी आरोप मागे घेतले गेले, पण तोवर माणसं डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार घेऊन जगत होती. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध १९६७पासून गुन्हा राहिले नव्हते, पण वयाची अट एकवीस वर्षांची होती आणि पोलीस पबमध्ये शिरून लोकांना पकडत. हेच इंग्रज १८६०ला आपल्याकडे कलम ३७७ लिहून ठेवून गेले. ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं ६ सप्टेंबर २०१८ला. माझा भाचा तोवर देश सोडून गेला होता.

धाड पडली त्याच वसंतात खाण कामगारांचा संप पेटला होता. १९८४च्या मार्चमध्ये सरकारी कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करायचं जाहीर केलं. वीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. सुमारे एक लाख चाळीस हजार कामगार बाहेर पडले. मार्गारेट थॅचर यांनी त्यांना देशाच्या आतले शत्रू ठरवलं. केंट परगण्यातले कामगार उत्तरेकडे धरणं धरायला निघाले तर पोलिसांनी त्यांना डार्टफर्डच्या बोगद्याशीच अडवलं. १८ जून १९८४ला यॉर्कशायरमध्ये ऑरग्रीव्हच्या, कोळशापासून कोक बनवणाऱ्या कारखान्यासमोर घोडेस्वार पोलीस उघड्या मैदानात कामगारांवर घातले. अंगात टी-शर्ट, पायात साधे बूट, अशा माणसांवर ढाली आणि दंडुके चालले. वर त्यांच्यातल्याच पंचाण्णव जणांवर दंगल आणि बेकायदा जमावाचे खटले! दंगलीला तेव्हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. पुढच्या वर्षी खटले कोसळले, कारण पोलिसांच्या जबान्यांमध्ये तीच ती वाक्यं सापडली, कुणीतरी सांगून लिहवून घेतलेली. १९९१मध्ये एकोणचाळीस कामगारांना सव्वाचार लाख पौंड भरपाई मिळाली, पण एकाही पोलिसावर खटला झाला नाही. सरकारने सार्वजनिक चौकशी जाहीर केली ती जुलै २०२५मध्ये. एकेचाळीस वर्षांनी!

ऑरग्रीव्हला बारा दिवस होत नाहीत तोच लंडनमध्ये समलिंगी लोकांचा वार्षिक मोर्चा निघाला. त्यात मार्क ॲश्टन आणि त्याचा मित्र माइक जॅक्सन बादल्या घेऊन खाण कामगारांसाठी पैसे गोळा करत फिरले. मार्क तेव्हा चोवीस वर्षांचा, कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता. जे पोलीस आपल्याला पबमधून खेचून नेतात तेच तिकडे कामगारांची डोकी फोडतायत, आणि जी वर्तमानपत्रं आपल्याला विकृत म्हणतात तीच त्यांना गुंड म्हणतायत, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. त्यातून 'लेस्बियन्स अँड गेज सपोर्ट द मायनर्स' हा गट उभा राहिला. दुकानात जमायचं, आणि बादली घेऊन दुकानाबाहेर, पबबाहेर उभं राहायचं.

पैसे जमले, पण द्यायचे कुणाला? युनियनकडे पाठवले तर कोर्ट ते जप्त करणार. साउथ वेल्सच्या खाण युनियनचा निधी ऑगस्टमध्येच गोठवला होता. म्हणून या मुलांनी मधलं सगळं टाळून थेट एका खोऱ्याशी नातं जोडलं. त्या खोऱ्याचं नाव डुलाइस. स्थानिक लोक 'डिलाइस' म्हणतात. तिथून डाय डोनोव्हन नावाचा कार्यकर्ता पैसे घ्यायला आणि आभार मानायला लंडनला आला. पॅडिंग्टन स्टेशनवर ही मुलं त्याला घ्यायला गेली होती.

आम्हीही पॅडिंग्टनवरूनच निघालो. नीथपर्यंत आगगाडी, पुढे बस. नीथ सोडलं की रस्ता नदीच्या काठाने चढत जातो. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, आणि घरं एकाला एक चिकटून अशी लांबलचक रांगेत. मला आमच्या चाळीच आडव्या पाडून ठेवल्यासारख्या वाटल्या. क्रिनॅन्टच्या अलीकडे रस्त्यावरूनच केवन कोइड खाणीचा लोखंडी मनोरा दिसतो. एके काळी जगातल्या सगळ्यात खोल अँथ्रासाइट या टणक कोळशाच्या खाणींपैकी ही एक होती, आणि माणसं इतकी मरायची की लोक तिला कत्तलखाना म्हणत. ती १९६८लाच बंद झाली. जिच्यासाठी संप लढला ती क्रिनॅन्टची ब्लेनंट खाण १९९०मध्ये गेली. आता खोऱ्यात एकही खाण चालू नाही. बसमध्ये आम्ही धरून सहा माणसं होती. परळच्या चिमण्यांच्या जागी टॉवर तरी उभे राहिले, इथे नुसतं गवत वाढलंय. कोणतं जास्त वाईट ते मला ठरवता आलं नाही.

ऑन्लुइन खोऱ्याच्या वरच्या टोकाला आहे. तिथलं मायनर्स वेल्फेअर हॉल हे कामगारांनी आपल्या पगारातून पैसे कापून देऊन चालवलेलं सभागृह. दणकट, साधी इमारत. आत लाकडी तक्तपोशी, भिंतींवर जुने फोटो. एक आजी चहाच्या खोलीत होत्या. पावसात भिजून आलेली साडीतली बाई बघून त्यांनी आधी टॉवेल दिला आणि मग नाव विचारलं. चहाबरोबर सपाट तव्यावर भाजलेले गोल छोटे केक आले, आत मनुका, वरून साखर. मला खांडवी आठवली, का ते सांगता येत नाही. चव वेगळीच होती.

माझे वडील मुंबईच्या गिरणीत संपावर होते असं भाच्याने सांगितलं तशा त्या खुर्ची ओढून बसल्या. पहिला प्रश्न केला, "तुम्ही खाल्लंत काय?" संप कशासाठी, जिंकलात की हरलात, हे नंतर. मी सांगितलं, चिपळूणकडच्या गावाहून तांदळाचं एक पोतं आलं होतं आणि आईने खानावळीच्या पोळ्या लाटल्या. त्यांनी मान हलवली. इथे मदत समिती होती. हेफिना हेडन तिची चिटणीस. आठवड्याला हजारेक कुटुंबांना शिध्याच्या पिशव्या जायच्या. सरकार तर संपकऱ्यांना युनियनकडून पंधरा पौंड मिळतात असं धरून घरच्यांच्या मदतीतून तेवढे कापून घ्यायचं. न मिळालेले पैसे! तेव्हा लंडनच्या पोरांनी पाठवलेल्या पैशातून बटाटे आले, टिनाचे डबे आले. आणि एक व्हॅन आली, तिच्या अंगावर देणाऱ्यांचं नाव लिहिलेलं. ती व्हॅन तसं नाव मिरवत सगळ्या खोऱ्यात फिरली.

ऑक्टोबर १९८४मध्ये लंडनहून सत्तावीस जण भेटायला आले. कुठे उतरवायचं? हॉटेल होतं कुठे, आणि पैसे होते कुणाकडे! खाण कामगारांच्या घरांतच त्यांची सोय झाली. आजी म्हणाल्या, "चर्चा झालीच ना. कुणी म्हणालं, मुलं आहेत घरात. कुणी म्हणालं, शेजारी काय म्हणतील." त्यांच्या सासूबाईंनी तेव्हा काय केलं? त्यांनी शेजारणीकडून गादी मागून आणली. शेजारणीने विचारलं, गादी कुणासाठी? सासूबाईंनी खरं सांगितलं. मग त्या दोघींनीच ती गादी जिन्यावरून वर चढवली. आजींनी हे सांगताना हाताने गादीचा कोपरा धरल्यासारखं केलं आणि जिन्याच्या वळणावर ती कशी अडकली ते दाखवलं.

मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची लालबागची खोली होती. पोटमाळा आहे, गाद्या आहेत. भाच्याचा जोडीदार मागच्या वर्षी मुंबईला आला तेव्हा हॉटेलात राहिला. कुणी त्याला राहू नको म्हणालं नव्हतं. आम्ही फक्त गादी काढली नव्हती.

१० डिसेंबर १९८४ला कॅम्डेनच्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये या गटाने जलसा केला. 'पिट्स अँड परव्हर्ट्स' हे त्याचं नाव, म्हणजे खाणी आणि विकृत. रस्त्यावर मिळालेली शिवी पोरांनी दारावरच्या फलकावर लावली! ब्रॉन्स्की बीट हा बँड गायला, साडेपाच हजार पौंडांहून जास्त जमले. डाय डोनोव्हन त्या मंचावर उभा राहिला आणि म्हणाला की तुम्ही आमचा बिल्ला लावलात, आता आम्ही तुमचा लावू. खाण कामगाराने भर सभेत, समलिंगी लोकांसमोर दिलेला तो शब्द होता.

संप ३ मार्च १९८५ला मोडला. कामगार हरले. पण दिलेला शब्द त्यांनी हरल्यावर पाळला. जून १९८५च्या लंडनच्या मोर्चात बसगाड्या भरून खाण कामगार आले, आपापल्या युनियनचे भरजरी झेंडे घेऊन, आणि मोर्चाच्या अग्रभागी चालले. त्याच वर्षी लेबर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी लोकांच्या हक्कांचा ठराव मंजूर झाला, त्यात खाण युनियनची मतं होती. कायदा बदलायला तरी वेळ लागलाच. उलट १९८८ला थॅचर सरकारने कलम २८ आणलं, शाळांमध्ये समलिंगी नात्याबद्दल चांगलं बोलणंही बंद झालं, आणि ते वेल्समधून हटायला २००३ उजाडलं. मार्क ॲश्टनला यातलं पुढचं काही दिसलं नाही. ११ फेब्रुवारी १९८७ला एड्सने तो गेला, सव्वीसाव्या वर्षी.

भाच्याचं घर लंडनमध्ये विल्सडेनला आहे. तिथे १९७६ला ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या होत्या, त्यांच्याबरोबर आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. साडी नेसून फाटकावर उभ्या राहिल्या. १९७७ला त्यांच्या बाजूने उभं राहायला यॉर्कशायर आणि साउथ वेल्सचे खाण कामगार बस करून आले होते. आजींना हे मी सांगायच्या आधीच माहीत होतं. त्यांच्या दिरांपैकी एक गेला होता. "त्या बायका फार लहानखुऱ्या होत्या असं तो सांगायचा," म्हणाल्या, "आणि पोलीस फार उंच."

निघताना त्यांनी उरलेले केक कागदात बांधून दिले. "घरी कोण आहे?" त्यांनी भाच्याला विचारलं. त्याने जोडीदाराचं नाव सांगितलं. त्यांनी आणखी दोन केक घातले.

परतीच्या बसमध्ये काचेवर पाऊस होता. सेव्हन सिस्टर्स गेलं, मी पुडकं मांडीवर धरून बसले होते. मग म्हटलं, "दिवाळीला दोघं या. लालबागलाच उतरा. पोटमाळ्यावर गाद्या घालते."

क्रिनॅन्टचा मनोरा येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग विचारलं, "आई काय म्हणेल?"

"तिला मी सांगते. तुम्ही तिकिटं काढा."