जुन्या पीसीत रॅम टाकू का नवाच घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

"दादा, पीसी लई स्लो चालायलाय, रॅम टाकू का नवाच घेऊ?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, मार्केट यार्डात विचारतात, परवा मिरजेला दवाखान्याच्या रांगेत पण विचारलं, कारण आमच्या नात्यागोत्यात स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरणारा मीच एकटा. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

रॅमचं, म्हणजे चालू कामं तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीचं, नाव आधी काढूच नका. पीसी चालू करा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स मध्ये जाऊन सीपीयू (प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क यातलं कोण शंभर टक्क्याला चिकटलंय ते बघा. आपल्याकडे घरोघरी जे मशीन आहे, म्हणजे इंटेलचा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जनरेशनचा आय ३ प्रोसेसर, एच ६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क, त्यात बहुतेक वेळा डिस्कच १०० टक्के दिसते आणि चहा करून आलं तरी खाली येत नाही. हार्डडिस्कच्या आत तबकडी फिरत असते आणि हेडला प्रत्येक बारक्या फाइलसाठी इकडून तिकडे पळावं लागतं, त्यामुळे अशी विखुरलेली कामं सेकंदाला शंभर-दीडशेच्या वर तिच्याकडून होत नाहीत, आणि विंडोज चालू होताना तर हजारो बारक्या फाइली मागतं. एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी चिपवाली डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, ती तेवढ्याच वेळात हजारोंनी उरकते. म्हणून माझं उत्तर दहातल्या आठ जणांना एकच, साधी साटा, म्हणजे हार्डडिस्कच्याच वायरीवर चालणारी, एसएसडी टाका.

यावर दुकानात हमखास ऐकायला मिळतं की बोर्ड जुनाय, एसएसडी टाकून उपयोग नाही. अर्धं खरंय. एच ६१ ला जुनं, हळू साटा २ च आहे, त्यामुळे खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेली एसएसडी तिथं अडीचशेच्या आसपासच पळते. पण तो आकडा एकच मोठी फाइल सलग कॉपी करतानाचा असतो, रोजचा स्लोपणा बारक्या फाइलींनी येतो आणि तिथं जुन्या बोर्डावर पण जमीन अस्मानाचा फरक पडतो. मात्र त्या बोर्डाला सहसा एम २ चा, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीचा, स्लॉट नसतो, तेव्हा चपटी एनव्हीएमई एसएसडी घरी आणू नका.

आता रॅम. मेमरीच ९० टक्क्याच्या वर राहत असेल तर जरूर वाढवा, पण त्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, अबाउट असं जाऊन विंडोज ३२ बिट आहे का बघा, कारण ३२ बिट असेल तर ८ जीबी टाकली तरी ते सगळं मिळून ४ जीबीच्या आतच वापरणार, बाकी नुसती शोभेला. हे दुकानदार क्वचितच सांगतो. जुन्या डीडीआर ३ रॅमच्या जागी नवी डीडीआर ४ बसत नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते, दाबून बघू नका.

आणि सीपीयूच शंभरावर असेल तर एखादा अँटीव्हायरस नाहीतर अपडेट मागं चाललंय का बघून झाल्यावर कॅबिनेट उघडा. हळदीच्या अडत्यांच्या हाफिसातले पीसी उघडले की आत सगळं पिवळं असतं, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये हळदीचा थर बसलेला, हवा जायला जागाच नाही. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला आपणच वेग कमी करतो आणि मालक म्हणतो विंडोज बिघडलं. ब्लोअर मारताना पंख्याला बोट लावून धरा, भिंगरीसारखा फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. प्रोसेसर नि हीटसिंकच्या मधली पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून नवी लावा, हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरते.

बाकीच्या तक्रारी पटापट सांगतो. चालू केल्यावर नुसता बीप बीप, डिस्प्ले नाही, तर रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर फिरवा आणि कट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. तारीख रोज मागं जात असेल तर बोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय, आणि तारीख चुकली की बँकेच्या नि जीएसटीच्या साइटी सर्टिफिकेटची एरर देतात, मग लोक नेटवाल्याला फोन करून भांडत बसतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार मात्र सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांतून फार येते आणि लोक त्यासाठी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बदलतात. नव्यालाही तेच होतं. एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा गाळायला दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग असेल तर ती बारीक गळती जमिनीत जाते, अर्थिंग नसेल तर बॉडीवर २३० च्या निम्मे, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट एक मिलीअँपिअरच्या आतला असतो म्हणून नुसती झिणझिण. पण उद्या आत खरंच काही शॉर्ट झालं तर मोठा करंट तुमच्या अंगातून जाणार, तेव्हा वायरमन बोलवा आणि थ्री पिनला खरी अर्थिंग करून घ्या. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

सांगलीत राहायचं तर पुराचं पण सांगायला पाहिजे. २००५, २०१९, २०२१ तिन्ही वेळा लोकांनी टीव्ही, गाद्या माळ्यावर टाकल्या आणि पीसी टेबलाखाली राहिला. कॅबिनेट उचलायला वेळ नसेल तर हार्डडिस्क तरी काढून पिशवीत घ्या, चार स्क्रू नि दोन वायरी एवढंच काम आहे. भिजलेली हार्डडिस्क "चालते का बघू" म्हणून लावू मात्र नका, वाचण्यासारखा डेटा तिथंच जातो.

नवा कधी घ्यायचा? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढं नि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल तरच अधिकृतपणे चालतं. नुसतं ब्राउझर, यूट्यूब, फॉर्म भरणं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून जुनं मशीन अजून चालवा, पण टॅली विंडोजसाठीचं, म्हणून टॅलीवाल्यांना मी तसं सांगत नाही, त्यांनी नव्याची तयारी करावी. तोवर पैसे घालायचे तर जे पुढच्या मशीनमध्ये काढून नेता येईल त्यात घाला. एसएसडी नेता येते, यूपीएस नेता येतो, डीडीआर ३ रॅम तिथंच मरते, त्यामुळे ती घ्यायचीच तर सेकंडहँड घ्या. २०२५ च्या शेवटी नव्या रॅमचे भाव एआयच्या डेटासेंटरांमुळं जे चढले त्यानंतर तर मी हे जास्तच ठासून सांगतो.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. पोराला गेम खेळायच्यात म्हणून जीटी ७१० सारखं कार्ड घेऊ नका, ते डिस्प्लेची सोय म्हणून ठीक, गेमसाठी नाही. मोठं कार्ड घ्यायचं तर एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, स्टिकरवर १२ व्होल्टच्या पुढं किती अँपिअर आहेत ते बघून बाराने गुणा, १४ लिहिलं असेल तर त्या लाइनला फक्त १६८ वॉट मिळतात आणि प्रोसेसर पण त्यातूनच खातो. स्टिकरचा फोटो काढून आधी मला पाठवा, कार्ड नंतर बघू.