चॅट्सवर्थ: ड्यूकची बाग आणि आप्पांची केळी

इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थला, डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घरी आणि बागेत, मुलांना घेऊन जाणार असाल तर महालाचं तिकीट काढू नका. निदान पहिल्या खेपेला तरी नाही. इथल्या माझ्या मैत्रिणींना हे अजिबात पटत नाही. एवढ्या लांब जायचं आणि ड्यूकचा महाल आतून न बघता परत फिरायचं, म्हणजे काय! पण चार वर्षांच्या पोराला तैलचित्रांच्या दालनांतून "हात लावू नकोस, पळू नकोस" करत फिरवायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे, यात कुणाचं भलं आहे? बागेचं आणि फार्मयार्डचं तिकीट वेगळं मिळतं. बाहेरचं पार्क, म्हणजे डरवेंट नदीच्या दोन्ही काठांचं मेंढ्या चरणारं ते सगळं हिरवं रान, फुकट आहे. गाडीनं आलात तर पार्किंगचे तेवढे द्यावे लागतात.

आम्ही शेफील्डला राहतो, त्यामुळे 218 नंबरची बस पकडली की काम होतं. मुलांना गाडीपेक्षा बसच आवडते, वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली तर विचारूच नका. शहर संपलं की पठार लागतं. ऑगस्टमध्ये तिथं हेदर फुललेला असतो, नजर जाईल तिथवर जांभळा. मग बस बॅस्लोकडे उतरते आणि थोड्या वेळात मेंढ्या, नदी, पूल आणि पलीकडे तो पिवळसर दगडाचा महाल दिसतो. या खेपेला सासू-सासरे बरोबर होते. सासरे, म्हणजे आप्पा, रावेर तालुक्यातले केळी बागायतदार. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या केळीची, कापणी उरकून, कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, सुरू व्हायच्या आत त्यांना सवड मिळते, तेवढ्यात ते नातवंडांना भेटून जातात. इंग्लंडमधली स्थळं बघण्याची त्यांना फारशी हौस नाही. "राजवाडे काय, आपल्याकडे पडीक पडलेत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

बागेत शिरल्यावर आधी पाण्याकडे जा. इथलं सगळं नाट्य पाण्याचं आहे. टेकडीच्या उतारावर कॅस्केड आहे, 24 पायऱ्यांचा दगडी धबधबा, सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला. प्रत्येक पायरीची घडण वेगळी, म्हणून पाण्याचा आवाजही पायरीगणिक बदलतो. आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं, त्यामुळे आवाजाचं ऐकीवच सांगते आहे. पण मुलांचं खरं ठिकाण पुढे झाडीत, खडकांच्या आडोशाला लपलेलं आहे. तिथं एक निष्पर्ण झाड उभं आहे. जवळ जाऊन पाहिलं तर ते तांब्याचं! फांद्यांच्या टोकांना बारीक भोकं आहेत. आपण वाकून निरखत असतानाच त्यातून पाण्याच्या धारा सुटतात. पाहुण्यांना भिजवण्याची ही थट्टा तीनशे वर्षांपूर्वीची. आत्ताचं झाड मूळ झाडाची पुढची आवृत्ती आहे. 1832 मध्ये तेरा वर्षांची व्हिक्टोरिया, पुढे राणी झालेली, इथं आली होती आणि तिनं याला पिचकारीचं झाडच म्हटलं होतं. आमच्या धाकट्यानं आधी आजीला पुढे ढकललं, मग स्वतः उभा राहिला, मग तिथून हलेचना. बदलायचे कपडे दोन जोड न्या. एक पुरत नाही.

महालाच्या दक्षिणेला लांबलचक तळं आहे आणि त्यात एम्परर नावाचं कारंजं. रशियाचा झार पहिला निकोलस 1844 मध्ये इंग्लंडला यायचा होता, त्याच्या स्वागतासाठी सहाव्या ड्यूकनं ते घाईघाईत करवून घेतलं. झार इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला फिरकलाच नाही. कारंजं मात्र राहिलं. त्याच्या उंचीची नोंद 90 मीटरच्या आसपास आहे. रोज काही ते एवढं चढत नाही. आप्पा बराच वेळ काठावर उभे होते. मग त्यांनी विचारलं, "मोटर किती एचपीची असेल?"

मोटर नाहीच. वर पठारावर आठ एकरांचं तळं खोदलं आहे. लोक रात्रीसुद्धा उजेड करून खणत होते. तिथून नळ खाली आणला आणि शंभर मीटरहून जास्त उंचीच्या दाबावर पाणी आपोआप उडतं. वीजबिल शून्य. उलट 1893 मध्ये याच पाण्यावर टर्बाइन बसवून महालाला वीज दिली गेली. हे सांगितल्यावर आप्पांचा चेहरा बदलला. ज्याची हयात विहिरीचं पाणी, लोडशेडिंग आणि ठिबकच्या नळ्या यांत गेली, त्याला शिल्पांपेक्षा हे जास्त भिडणारच. त्यांनी थोरलीला हाताशी धरलं आणि वरून पाणी कसं येतं ते बोटानं हवेत आखून समजावलं. तिला शाळेत दाब शिकवतील तेव्हा शिकवतील.

हे कारंजं घडवणारा माणूस जोसेफ पॅक्स्टन, ड्यूकचा माळी. 1826 च्या मे महिन्यात पहाटे साडेचारला तो इथं पोचला तेव्हा बावीस वर्षांचा होता. सगळं सामसूम, म्हणून भिंतीवरून चढून आत शिरला, अख्खी बाग पालथी घातली, सहाला माणसं कामाला लावली आणि नाश्त्याला गेला तो घरव्यवस्थापिकेच्या भाचीच्या प्रेमातच पडला. हे सगळं सकाळी नऊच्या आत, असं त्यानंच लिहून ठेवलंय. लग्न झालं, संसार नीट झाला. याच ड्यूकनं बागेतल्या एका तरुण माळ्याला, जॉन गिब्सनला, 1835 मध्ये थेट कलकत्त्याला धाडलं, खासी टेकड्यांतली ऑर्किडं गोळा करून आणायला. तो दोनेक वर्षांनी पेट्याच्या पेट्या भरून परतला. बागेत हिंडताना ही गोष्ट डोक्यात असली की काचेच्या घरांकडे पाहण्याची नजर बदलते. ती झाडं इथं आपसूक आलेली नाहीत. ज्यांची सत्ता त्या मुलखावर होती, त्यांच्या ओळखीपाळखीवर आली आहेत.

1970 मध्ये बांधलेलं एक काचघर आहे, आत तीन हवामानं. त्या दिवशी ते उघडं होतं. सगळ्यात उबदार भागाचं दार ढकललं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. आप्पा पुढे होते. "अगं, ही तर आपली!" एवढंच मला ऐकू आलं.

केळ होती. पाटी वाचायच्या आधीच त्यांनी ओळखली. पानाच्या देठाची खोबण बघितली, खोडावर हात ठेवून घेर अजमावला, वाकून बुंध्याशी पिलं किती फुटलीत ते पाहिलं. "पिलं काढत नाहीत हे लोक," ते म्हणाले. "आणि पान फाटलेलं नाही एकही. वाराच नाही ना आत." मग मी गोष्ट सांगितली. पॅक्स्टननं 1830 च्या सुमारास मॉरिशसहून आलेलं एक रोप मिळवलं. 1835 च्या नोव्हेंबरात त्याला फूल आलं, पुढे शंभरावर केळी धरली आणि 1836 मध्ये हॉर्टिकल्चरल सोसायटीचं पदक मिळालं. ड्यूकचं घराणं कॅव्हेंडिश, म्हणून वाणाला नाव पडलं कॅव्हेंडिश. आपली बसराई ही बुटकी कॅव्हेंडिश. आप्पांच्या बागेतली ग्रँड नैन, जी-नाईन, तीही कॅव्हेंडिशच.

"निसवायला पाच वर्षं?" आप्पांचा पहिला प्रश्न. निसवणं म्हणजे घड बाहेर पडणं. "पाच वर्षांत मी चार-पाच पिकं काढली असती." मग थोडं थांबून, "पण थंडीत निसवली, हे मानलं पाहिजे. आपल्याकडे पारा उतरला की घड खोडातच अडकतो. आम्ही रात्री बागेत धूर करतो. यांनी कोळसा जाळला असेल."

जाळलाच होता. हे मात्र स्पष्ट सांगायला हवं, की रावेरची केळी चॅट्सवर्थहून आली असं नाही. ही जात मुळात दक्षिण चीनकडची, मॉरिशसला गेली, तिथून इंग्लंडला आली. चॅट्सवर्थहून तिची रोपं मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिकच्या बेटांवर गेली. विसाव्या शतकाच्या मध्याला पनामा रोगानं ग्रो मिशेल ही व्यापारातली मुख्य जात झोपवली आणि तिची जागा कॅव्हेंडिशनं घेतली. आज शेफील्डच्या सुपरमार्केटात जे केळं मिळतं ते तेच. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही याच कुळातली. आप्पांनी नातवाला घड दाखवून फण्या मोजायला लावल्या. एक ब्रिटिश आजोबा शेजारी उभे राहून कौतुकानं ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, हे काय सांगताहेत? मी सांगितलं, वजनाचा अंदाज बांधताहेत.

काचघरातून निघाल्यावर मुलांना भूलभुलैयात सोडा. यू नावाच्या झाडांच्या उंच कुंपणांचा हा मेझ 1962 मध्ये लावला, आणि तो जिथं आहे तिथंच पूर्वी पॅक्स्टनचं प्रचंड काचघर होतं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं गारठून मेली आणि 1920 मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. थोरली आत दोनदा हरवली आणि दोन्ही वेळा भावाला दोष देत बाहेर आली. पॅक्स्टनच्या मुलीची गोष्ट मात्र तिनं मला पुन्हा सांगायला लावली. 1849 मध्ये इथं अ‍ॅमेझॉनचं राक्षसी कमळ फुललं, तेव्हा त्यानं आपल्या लहानग्या अ‍ॅनीला पाण्यावरच्या पानावर उभं केलं होतं. पान बुडालं नाही. त्या पानाच्या खालच्या शिरांची रचना पाहून त्याला काचेच्या छताची युक्ती सुचली आणि 1851 चं लंडनचं क्रिस्टल पॅलेस हे काचेचं प्रदर्शनगृह उभं राहिलं.

जेवण नदीकाठी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली होती. कॅफेत रांग भली मोठी आणि मुलांसाठी तेच ते चिप्स. सतरंजी पसरण्याआधी गवत नीट बघा, मेंढ्यांच्या लेंड्या सगळीकडे आहेत. नदी तिथं उथळ आहे, उन्हाच्या दिवशी अर्धं डर्बीशायर पाय सोडून बसलेलं असतं. पाणी ऑगस्टमध्येही बर्फासारखं. काही इंग्रज पोरं त्यात सरळ पोहत होती आणि आई दर पाच मिनिटांनी "अहो, आजारी पडतील ती" म्हणत होत्या.

फार्मयार्डबद्दल फार लिहीत नाही. गाय दोहून दाखवतात, कोकरं-डुकरं आहेत, आणि वर पाण्या-वाळूचं झकास खेळाचं मैदान आहे. गाय बघायला तिकीट, यावर आईंचं जे मत पडलं ते इथं न लिहिलेलं बरं. पण मैदानावर आमचा धाकटा अडीच तास रमला.

तेवढ्या वेळात नवरा आणि आई महाल बघून आले. त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं? एका दारावर टांगलेलं व्हायोलिन, जे व्हायोलिन नाहीच. ते यान व्हान देर व्हार्ट या चित्रकारानं दारावर रंगवलेलं आहे, आणि सावलीसुद्धा रंगाचीच. मुलं सात-आठ वर्षांची झाली की तेवढ्यासाठी आत नक्की न्या.

परतीच्या बसची वाट बघताना आप्पांनी मुद्द्याचा प्रश्न काढला. एवढं सगळं राखायला पैसा कुठून येतो? पूर्वी जमिनी होत्या आणि एक्टनची तांब्याची खाण होती. 1950 मध्ये दहावे ड्यूक वारले आणि वारसाकर लागला 80 टक्के. जमिनी आणि चित्रं गेली, घराण्याचा दुसरा महाल, हार्डविक हॉल, सरकारकडे गेला. 1981 पासून महाल एका ट्रस्टकडे आहे आणि ड्यूकचं कुटुंब तिथं राहण्याचं भाडं ट्रस्टला भरतं. म्हणजे चालतंय ते तुमच्या-आमच्या तिकिटांवर, पार्किंगवर आणि आइस्क्रीमवर.

"म्हणजे आपल्याच वाड्यात कूळ!" आप्पा एकदम खूश झाले. कूळकायद्यात आजोबांची जमीन गेलेल्या माणसाचं ते खूश होणं होतं, तेव्हा त्यात किती आनंद आणि किती काय, ते तुम्हीच ठरवा.

दर रविवारी काही चॅट्सवर्थ परवडत नाही. एरवी आम्ही रॉदर व्हॅली कंट्री पार्कला जातो, शेफील्डच्या दुसऱ्या अंगाला. ड्यूक नाही, कारंजं नाही. तिथं उघडी कोळसाखाण होती. कोळसा काढून झाल्यावर जमीन भरली, तळी केली, झाडं लावली आणि 1983 मध्ये लोकांना खुलं केलं. बदकं, सायकली, होड्या. पुढच्या शनिवारी आप्पांना तिथं नेलं तर ते बराच वेळ खाणच शोधत होते. आपल्याकडे खाण संपली की खड्डा उरतो, हे त्यांच्या हिशेबात इतकं पक्कं की तळ्याकाठी उभं राहूनही विश्वास बसेना. मुलांना विचाराल तर ती दोन्ही ठिकाणांना सारखेच गुण देतात, रॉदर व्हॅलीला बहुधा अर्धा जास्त, कारण तिथं कुणी "रांगेत या" म्हणत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हार्डविक करायचं आहे. आप्पांची अट एकच: तिकिटं मृगबागेचा भाव बघून काढायची.