मरू घातलेली बूट डिस्क : आधी प्रत, मग दुरुस्ती

डिस्क 500 जीबी, अडीच इंची, साटा जोडणीची. विंडोज 10, जीपीटी (डिस्कवरच्या विभाजनांचा तक्ता), बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) बंद. लक्षण एकच : लोगो येतो, ठिपके गोल फिरत राहतात, मग आपोआप रीस्टार्ट.

पहिला दिवस

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचे, आकडे पाहिले. 5 क्रमांकाचा, म्हणजे बदलून दिलेले सेक्टर : 16. 197, म्हणजे वाचता न आल्यामुळे अडकून पडलेले : 48. 199, म्हणजे सीआरसी चुका (डिस्क आणि मशीन यांच्यातल्या वाटेवर बिघडलेला डेटा) : 0. हा 199 वाढत असता तर आधी केबल बदलली असती. केबल बदलल्यावर तो खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो; हे माहीत नसल्यामुळे चांगल्या केबली उगाच फेकल्या जातात. इथे दोष तबकडीतच आहे.

म्हणून चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवलेलं नाही. चेकडिस्कला फाइलसिस्टिम टापटीप हवी असते, तुमच्या फाइलींशी त्याला देणंघेणं नसतं. एमएफटीतली (फाइलींच्या मुख्य यादीतली) नोंद वाचता आली नाही की तिच्यातली फाइल गेली असं धरून ते पुढची आवराआवर करतं, आणि तो निकाल त्याच आजारी डिस्कवर लिहितं. त्यानंतर मागे फिरता येत नाही.

प्रतीसाठी 500 जीबीची एसएसडी यूएसबीवर जोडली. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नये, सेक्टर मोजावेत. दोन्हींवर 97,67,73,168 निघाले. एसएसडी लहान असती तर डिस्कच्या शेवटी असलेली जीपीटीची राखीव प्रत कापली गेली असती.

दुसरा दिवस

डीडीरेस्क्यूत (खराब डिस्कची प्रत काढणारा लिनक्सचा प्रोग्राम) आधी मूळ डिस्क, मग प्रत, मग मॅपफाइल (कोणता भाग वाचला, कोणता राहिला याची नोंद). पहिली दोन नावं उलटी पडली तर कोरी एसएसडी मूळ डिस्कवर उतरते. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं दर बूटला बदलू शकतात, त्यामुळे सीरियल नंबर पाहूनच एंटर दाबायचं. मूळ डिस्कचं एकही विभाजन माउंट झालेलं, म्हणजे वापरासाठी उघडलेलं, नको.

पहिली फेरी 'एन' पर्यायाने : सहज येतं ते उचलायचं, अडेल तिथून पुढे सरकायचं. धड डिस्क सेकंदाला 100 एमबीने वाचली तर एवढ्या कामाला दीड तासापेक्षा कमी वेळ लागतो. इथे पाच तास लागले. मध्ये एकदा डिस्क तापली म्हणून थांबवली. मॅपफाइल असली की थांबल्या जागेवरून पुढे चालू होतं, म्हणून ती लाइव्ह लिनक्सच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवायची नाही. दुसरी फेरी 'डी' (थेट डिस्कवरून वाचणं) आणि 'आर 3' (तीनदा पुन्हा प्रयत्न) घालून. उरले 24 केबी, म्हणजे 512 बाइटचे 48 सेक्टर, आठ-आठच्या सहा गठ्ठ्यांत. आतला खरा सेक्टर 4096 बाइटचा असल्याची ही खूण. 197 च्या आकड्याशीही जुळलं. नेहमी जुळेलच असं नाही, कारण जो सेक्टर अजून कोणी वाचायला गेलंच नाही तो त्या मोजणीत नसतो.

तिसरा दिवस

मूळ डिस्क काढून ठेवली. दोन्ही एकत्र जोडून विंडोज सुरू केलं तर ओळखक्रमांक सारखे असल्यामुळे एक डिस्क ऑफलाइन टाकली जाते.

मग मॅपफाइलमध्ये '-' चिन्ह असलेल्या, म्हणजे न वाचलेल्या, जागा प्रतीवर डीडीरेस्क्यूच्या फिल-मोडने एका ठरावीक मजकुराने भरल्या आणि प्रत फक्त वाचण्यापुरती माउंट करून तो मजकूर फाइलींमध्ये शोधला. तीन गठ्ठे रिकाम्या जागेत, दोन एका व्हिडिओत, एक विंडोजच्या ड्रायव्हर फाइलमध्ये. ठिपके का फिरत होते ते कळलं. (बिटलॉकर चालू असता तर ही युक्ती फसली असती, भरलेला मजकूर उलगडताना कचरा होऊन बाहेर येतो.)

पुढचं काम विंडोजच्या रिकव्हरी कमांड प्रॉम्प्टवर. तिथे सी हे अक्षर भलत्याच विभाजनाला मिळालेलं असू शकतं, म्हणून आधी डिस्कपार्टमध्ये (विभाजनं दाखवणारं साधन) यादी पाहिली. आता प्रतीवर चेकडिस्क पहिल्यांदा कोणताही पर्याय न देता, नुसतं बघायला. मग दुरुस्तीसाठी 'एफ' देऊन. एसएफसी (विंडोजच्या बिघडलेल्या फाइली बदलणारं साधन) ऑफलाइन चालवल्यावर ड्रायव्हरची फाइल बदलून मिळाली. बूटच्या फाइली नव्याने बसवणाऱ्या बीसीडीबूटची गरज पडली नाही. मशीन सुरू झालं.

बाकी

एनटीएफएसमधली (विंडोजची फाइलसिस्टिम) खराब क्लस्टरची, म्हणजे सेक्टरांच्या गटांची, जुनी यादी प्रतीबरोबर एसएसडीवर आली आहे, तिथे ती निरर्थक आहे. चेकडिस्क 'बी' देऊन ती पुन्हा तपासायची. मूळ डिस्क तोवर आहे तशीच, मॅपफाइलसकट.