कागदाला दोन महिने, काकांना सात

कंपनीची आर्टिकल्स, म्हणजे तिच्या कारभाराचे लेखी नियम, बदलायला किती दिवस लागतात, असं कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या दोघातिघांनी मला विचारलंय. कागदाला दोन महिने पुरतात. आम्हाला नऊ लागले, कारण आधीचे सात काकांना पटवण्यात गेले.

आमची छोटी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. वडील आणि काकांनी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये सुरू केलेली, नंतर शिरोली एमआयडीसीत प्लॉट मिळाला. बिडाचं कास्टिंग, बहुतेक पंपांचं आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. कायम कामगार 34, फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, ठेकेदाराची माणसं वेगळी. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, भागधारक सहा, सहाही एकाच घरातले. काकांकडं 30 टक्के.

वडील गेल्यावर फायली माझ्याकडं आल्या. द्यायच्या बिलांची यादी काढली, तर पॅटर्न (साचा घ्यायचा नमुना) करणाऱ्या मिस्त्रींचं बिल 94 दिवसांचं, वाळूवाल्याचं 80 च्या पुढं. टेम्पोवाल्याला तर आम्ही सणाला थोडं, अडचणीला थोडं असं देत आलो होतो. आणि त्याच महिन्यात आम्ही सहा जणांनी लाभांश वाटून घेतलेला. कागदावर माझीही सही होती. आमचं एक मोठं गिऱ्हाईक आम्हाला शंभर-शंभर दिवस थांबवतं म्हणून मी चारचौघांत त्याच्या नावानं बोटं मोडायचो. ते आठवून कसंसंच झालं.

त्या सुमारास एका मित्रानं बी लॅबची प्रश्नावली पाठवली. ही अमेरिकेत 2006 साली सुरू झालेली संस्था. कंपनी मालकांखेरीज कामगार, पुरवठादार, परिसर, पर्यावरण यांच्याशी कशी वागते ते तपासून 'बी कॉर्प' म्हणून दाखला देते. मी भरली तेव्हा 200 पैकी 80 गुण लागायचे. पुढं त्यांनी ती गुणांची पद्धतच बदलली. आम्हाला पडले 47. दाखल्याचा विचार तिथंच सोडला, पण एक प्रश्न काही डोक्यातून जाईना. ठेकेदाराच्या माणसांना किती पगार मिळतो? मला ठाऊक नव्हतं. सोळा जण माझ्याच छपराखाली ग्राइंडर चालवतात, सिलिकाची धूळ नाकातोंडात घेतात, आणि मला त्यांचा पगार सोडा, नक्की आकडासुद्धा हजेरीपुस्तक मागवून मोजावा लागला. ठेकेदारानं पीएफ भरला नाही तर तो शेवटी मूळ मालकाच्या, म्हणजे माझ्याच गळ्यात येतो, हेही तेव्हाच नीट कळलं.

या सगळ्या लोकांना पुस्तकी मराठीत हितधारक म्हणतात. शिरोलीत हा शब्द उच्चारला तर लोक हितचिंतक समजतील आणि फ्लेक्सवर फोटो लावतील. मी आपला साधा शब्द धरला: ज्यांचं कंपनीशी देणंघेणं आहे ते.

राजारामपुरीतल्या आमच्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडमकडं गेलो आणि म्हटलं, हे कंपनीच्या नियमांतच लिहून टाकायचंय, कायद्यात बसतं का? त्यांनी कंपनी कायदा 2013 मधलं 166 वं कलम समोर ठेवलं. संचालकानं कंपनीची उद्दिष्टं सगळ्या सभासदांच्या भल्यासाठी पुढं न्यायची, आणि कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज यांचं हित बघायचं, पर्यावरण राखायचं. भंग केला तर 1 ते 5 लाख रुपये दंड. म्हणजे मी जे नवीन करायला निघालो होतो ते कायद्यात आधीच होतं! फक्त आमच्याकडं ते कुणी वाचलेलं नव्हतं. आमची आर्टिकल्स म्हणजे कायद्याच्या परिशिष्टातल्या टेबल एफ या तयार नमुन्याची नक्कल, खाली सह्या.

"कलम आहे, पण तुमचा मिस्त्री ते घेऊन कोर्टात जाणार आहे का?" मॅडम म्हणाल्या. "त्याला उपयोग होईल असं काहीतरी लिहा."

आता काका. आर्टिकल्स बदलायची तर विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूनं. 30 टक्केवाला माणूस एकटा अडवू शकतो, आणि काकांनी अडवलं.

"ह्ये काय लावलंयस? आपण कंपनी काढल्या का धर्मशाळा?"

"काका, कुणाला फुकट द्यायचं नाही. ज्याचं त्याला वेळेत."

"मग सोसायटी काढ की. गोकुळात दूध घालणारा मालक असतोय. हितं भांडवल आपलं, जोखीम आपली."

1970 साली मिल्टन फ्रीडमन यांनी लिहिलं होतं की व्यवसायाची सामाजिक जबाबदारी एकच, नियमात राहून नफा वाढवणं. काकांना फ्रीडमन कोण ते ठाऊक नाही, पण मुद्दा तोच, आणि खरं सांगायचं तर अगदीच खोटा नाही. घर गहाण टाकून भट्टी त्यांनी आणली होती. मी 2019 साली अमेरिकेतल्या 181 बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी सगळ्यांचं हित बघू म्हणून सह्या केल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "सह्या करायला काय जातंय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तीन-चार महिने असेच गेले. जेवताना विषय निघाला की काकू ताटं उचलायला लागायची.

गाडी सुटली ती उसावर. काकांचं वडणग्याकडं शेत आहे. जानेवारीत ऊस गेला. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे, नाहीतर वर 15 टक्के व्याज, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि हे काकांना तोंडपाठ. फेब्रुवारी संपत आला तरी बिल जमा नाही. एका सकाळी ऑफिसात येऊन त्यांनी कारखान्याच्या चेअरमनला जे काही ऐकवलं (तो अर्थात तिथं नव्हता) ते इथं लिहिण्यासारखं नाही. "आमच्या पैशावर ह्यांचा धंदा! चौदा दिवस म्हंजे चौदा दिवस!"

मी काही बोललो नाही. यादीचं पान त्यांच्यापुढं सरकवलं. मिस्त्रींचं पुढचं बिल, आता 101 दिवस.

त्यांनी चष्मा लावला, काढला, चहा सांगितला. "त्यो काय बोललाय का?" एवढंच विचारलं. बोलला नव्हता. बोलला असता तर पुढचा पॅटर्न दुसरीकडं गेला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर कागदाचं काम. मी उत्साहानं दोन पानं मजकूर नेला होता. मॅडमनी बहुतेक खोडला. मास्क, धूळ खेचणारे पंखे, वापरलेल्या वाळूची विल्हेवाट, ठेकेदाराची पगारपत्रकं दर महिन्याला तपासणं, हे सगळं संचालक मंडळाच्या धोरणात गेलं. प्रत्येक आकडा आर्टिकल्समध्ये टाकला तर तो बदलायला दर वेळी विशेष ठराव करत बसाल, हा त्यांचा मुद्दा. आर्टिकल्समध्ये दोनच गोष्टी ठेवल्या. संचालकांनी मोठा निर्णय घेताना ज्यांचं देणंघेणं आहे त्यांचा विचार काय केला ते इतिवृत्तात लिहायचं. आणि कुठल्याही लहान पुरवठादाराचं वाद नसलेलं बिल 45 दिवसांच्या वर थकलेलं असेल, तर लाभांश नाही.

45 हा आकडा माझा नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात लेखी करार असला तरी कमाल मुदत 45 दिवस, करार नसेल तर 15. त्यापुढं बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकरातही आता मुदत टळलेलं बिल प्रत्यक्ष दिल्याखेरीज खर्चात धरता येत नाही. म्हणजे इथंही आम्ही फार पुण्य केलं असं नाही; जे कायद्यानं द्यायचंच होतं त्याला फक्त स्वतःचा लाभांश बांधला.

सभेची नोटीस 21 पूर्ण दिवस आधी, सोबत बदल का करतोय त्याचं निवेदन. सभा ऑफिसातच झाली, दहा मिनिटांत. काकांनी हात वर केला, पण माझ्याकडं न बघता. नंतर 30 दिवसांच्या आत ठराव नोंदवायचा एमजीटी-14 फॉर्म बदललेल्या आर्टिकल्ससह ऑनलाइन भरायचा असतो. पोर्टलनं दोनदा मान टाकली, तिसऱ्यांदा घेतला.

पैशाचं काय, हा खरा प्रश्न पुढं उभाच होता. आम्हाला शंभर दिवसांनी मिळणार आणि आम्ही 45 व्या दिवशी देणार, मधलं आणायचं कुठून? ते मोठं गिऱ्हाईक ट्रेड्सवर नोंदलेलं निघालं. ही रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणारी बिलं वटवण्याची सोय. आम्ही बिल चढवायचं, गिऱ्हाइकानं मान्य करायचं, मग बँका त्यावर व्याजाची बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत पैसे जमा. पुढं गिऱ्हाइकानं नाही दिले तरी बँक आमच्याकडं येत नाही. व्याज आमच्या नफ्यातून जातं आणि ते टोचतं. पहिल्या वर्षी लाभांश त्यामुळं कमी झाला. धाकट्या चुलतभावानं अजून माझ्याशी बोलणं पूर्ववत केलेलं नाही.

काकांचं मात्र वेगळंच सुरू झालंय. दर महिन्याच्या 25 तारखेला ते अकाउंटंटच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसतात आणि यादी वाचून घेतात. गेल्या खेपेला मिस्त्रींचं एक बिल जीएसटी नंबर चुकल्यानं 41 दिवसांवर अडकलं होतं. काकांनी स्वतः फोन लावला.

"मिस्त्री, बिल दुरुस्त करून आजच्या आज पाठवा. तुमच्यापायी माझा डिव्हिडंड अडकलाय."