माझा अनुभव: हेगचा अर्ज आणि चौगुलेचा चौगला

२३ जुलै २०२५ची संध्याकाळ. बेळगावहून खानापूरला येणाऱ्या बसमध्ये मी मोबाईलवर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं हवामान बदलावरचं सल्लागार मत ऐकत होतो. पंधराच्या पंधरा न्यायाधीश एकमत. आणि या सगळ्याची सुरुवात केली होती पॅसिफिक बेटांवरच्या २७ विधी विद्यार्थ्यांनी, २०१९ साली. पुढे वनुआतू देशाने विषय उचलला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपर्यंत नेला. मच्छे सोडल्यावर रेंज गेली, पण नेदरलँड्समध्ये आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्या हेग अकॅडमीच्या जानेवारीतल्या हिवाळी वर्गाला अर्ज करायचा हे तोवर ठरलं होतं. तीन आठवडे, हे न्यायालय जिथे बसतं त्या पीस पॅलेसच्या आवारात. उन्हाळी वर्ग १९२३पासूनचे, हिवाळी २०१९पासूनचे.

ऑनलाइन अर्ज एका रात्रीत भरला. व्हिसाची कामं करणाऱ्या ओळखीच्या एकाने मात्र कागद बघितले आणि म्हणाला, "सर, हे दोघं वेगळे दिसतात."

पासपोर्टवर मी चौगुले. पदवी प्रमाणपत्रावर चौगला. शेवटी यू-एल-ई हवं तिथे ए-एल-ए. हायस्कूलने दहावीची यादी कन्नडमधून इंग्रजीत नेली तेव्हा आडनाव बदललं, आणि तेच पुढे प्रत्येक गुणपत्रकावर चढत गेलं. आमच्या भागात घरटी असं एखादं नाव सापडेल.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर सांगितलं, आधी दहावीचं दुरुस्त करा. दहावीवाले म्हणाले, शाळेचा उतारा आणा. गावची शाळा मराठी, उतारा मराठीत. तो घेऊन गेलो तर "हे आम्हाला वाचता येत नाही, कन्नड भाषांतर लावा." भाषांतर लावलं तर त्यावर नोटरीचा शिक्का नाही. शिक्का आणला तर सही करणारे साहेब मीटिंगला. "नाळे बर्री." उद्या या. अडीच महिन्यांत हे शब्द मी किती वेळा ऐकले ते मोजणं सोडून दिलं. मी वकील, प्रत्येक खेपेला कोर्टाचा एक दिवस बुडायचा. अशिलाला पुढची तारीख सांगताना जीभ जड व्हायची.

याच दिवसांत रायमन विरुद्ध लात्विया हे प्रकरण वाचत होतो. लात्वियाने त्या माणसाच्या नावाला आणि आडनावाला आपल्या भाषेच्या व्याकरणाप्रमाणे शेवटी 'स' जोडला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१०मध्ये सांगितलं की हा नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातल्या कलम १७चा, म्हणजे खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ न होण्याच्या हक्काचा भंग आहे. तो करार भारताने १९७९मध्ये स्वीकारलाय. खिडकीसमोरच्या बाकावर बसून मी तो निर्णय दोनदा वाचला. माझ्या बाबतीत कोणी मुद्दाम केलं नव्हतं, हे मला कळतं. पण आडनाव गेल्यावर ते परत मिळवायला काय लागतं, तेही त्या बाकावर कळलं.

शेवटी गाडी हलली ती गावच्या शाळेत. गुरुजी निवृत्त झालेत, पण माझ्यासोबत आले आणि कपाटातून लाल कापडी पाठीचं जनरल रजिस्टर स्वतः काढलं. निळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात: चौगुले. शेजारी वडिलांचा अंगठा. "तुझ्या बाबांनी दोनदा विचारलं होतं, नाव बरोबर लिवलंय नव्हं?" गुरुजी म्हणाले. माझ्याच्याने काही बोलवेना.

त्या पानाची साक्षांकित प्रत, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, आणि एका मराठी व एका कन्नड दैनिकातली जाहिरात. हे तिन्ही घेऊन मी खिडकी सोडून थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. त्या बाईंनी पान नीट बघितलं, दहा मिनिटांत तसं पत्र दिलं. हे पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं. तुम्ही तेच करा, आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या. माझ्याकडे पहिल्या दोन अर्जांची नव्हती, म्हणून ते 'आलेच नाहीत'.

पुढचं सोपं गेलं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीत बेंगळुरू, सकाळी व्हिसासाठी बोटांचे ठसे. हो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आणि शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवासाला पंधरा दिवसांपेक्षा कमी उरले तर अडचण. व्हिसाच्या स्टिकरवर चौगुले आलं. आईने चष्मा लावून एकेक इंग्रजी अक्षर लावून बघितलं.

दहावीच्या गुणपत्रकावर अजून चौगलाच आहे. त्याचा अर्ज परवा दिला, पोच घेऊन.